पहिला झुरका ओळखीच्या हातातून येतो

बाय, तुझा झील यंदा नववीत गेला आणि तू मला विचारतेस, ‘आते, गोव्यातून इकडे काय काय येतं म्हणतात, ह्याला सांभाळू कसा?’ मालवण तालुक्यातल्या हायस्कुलात शिकवण्यात माझा उभा जन्म गेला. चौदा ते सतरा ह्या वयातली पोरं जवळून बघितली, वाया गेलेली आणि काठावरून परत फिरलेलीसुद्धा. त्यातून जे हाती लागलं ते सांगते. सगळं एकदम जमायचं नाही, पण पहिली गोष्ट आजच धर.

सगळ्यांचे डोळे गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याकडे आणि पत्रादेवीच्या नाक्याकडे लागलेले असतात. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोव्याची दारू पकडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो, त्यामुळे मनात बसलंय की संकट बाहेरून गाडीत बसून येतं. मालाचं खरं असेल, पण मुलाच्या हातात पहिल्यांदा ठेवणारा माणूस परका नसतो. तो त्याच्याच बाकावरचा असतो, नाहीतर गणपतीला मुंबईहून आलेला मावसभाऊ, नाहीतर बोटीवर मदतीला जातो तिथला विशीतला ‘दादा’. पहिल्यांदा तो विकतही नाही. फुकट देतो, आणि मायेने देतो. ‘मेल्या, एक ओढ, काय होणा नाय.’ तेव्हा अनोळखी माणसाकडून काही घेऊ नकोस ही शिकवण इथे कामाची नाही. नाही म्हणायचं असतं ते दोस्ताला, आणि तेच ह्या वयात सगळ्यात जड जातं.

ह्यावर अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग ह्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ. सिग्नल बदलत आला की थांबायचं की दामटायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. जी पोरं एकटी खेळली ती बऱ्यापैकी जपून खेळली. ज्यांचे सोबती बाजूला राहून बघत होते त्या पोरांनी जास्त धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्या माणसांना मात्र कोणी बघतंय की नाही ह्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे तुझ्या झिलाला काय वाईट ते कळत नाही असं नाही. २६ जूनला शाळेत शपथ घेताना तो मनापासूनच घेतो. पण संध्याकाळी चार पोरं वर्तुळ करून उभी असतात तेव्हा तो चौघांतला एक असतो. मेंदूचा जो भाग ‘थांब’ म्हणतो, तो पुरता तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो. त्यात त्याचा दोष नाही, तुझाही नाही.

म्हणून त्याला उपदेश देऊ नकोस, वाक्य दे. दोस्ती न मोडता सटकता येईल असं, त्याच्या तोंडात बसणारं. त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य म्हणजे दोष तुझ्यावर ढकलणारं: ‘नको रे, माझी आवस घराक गेल्याबरोबर तोंडाचो वास घेता.’ त्याला सांग की माझं नाव खुशाल पुढे कर, मला खाष्ट म्हण, चालेल. आणि मग खरंच रोज वास घे. रात्री तो घरात आला की उठून दार उघडायचं, पाठीवरून हात फिरवायचा, जवळ घ्यायचं. त्याला तपासणी वाटणार नाही आणि त्याचं वाक्यही खोटं पडणार नाही. हे वाक्य त्याच्याकडून मोठ्याने म्हणून घे, चेष्टा वाटली तरी. मनात ठरवलेलं ऐन वेळी ओठावर येत नाही, म्हटलेलं येतं. वर्गात मी पोरांना जोडीने उभं करून म्हणून घेत असे. पहिल्या खेपेला सगळी हसायची, तिसऱ्या खेपेला आवाज ठाम व्हायचे.

दुसरी युक्ती फोनची. तुमच्या दोघांत एक खुणेचं वाक्य ठरवून ठेव. तो फोन करून म्हणाला, ‘आजीची गोळी दिलंस काय?’, की समजायचं त्याला तिथून निघायचंय आणि एकट्याने निघता येत नाही. तू ओरडायचं, ‘आधी घराक ये, आजी वाट बघता!’ आणि बापसाने स्कूटर काढून आणायला जायचं, देवबागच्या टोकाला असेल तरी. आता ह्यातली कठीण अट. त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. कोण होते, काय होतं, तू घेतलंस का, काही नाही. जेवण वाढायचं. दुसऱ्या दिवशी तो आपणहून बोलला तर ऐकायचं. आणायला गेल्यावर एकदा जरी खडसावलंस, तरी तो फोन पुन्हा येणार नाही, आणि तो फोन सगळ्या धाकापेक्षा मोलाचा आहे.

आता तुमच्या तारकर्लीचं म्हणून जे आहे ते सांगते, कारण शहरातली पुस्तकं हे सांगत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पैसा येतो आणि जूनमध्ये काम जातं. मे महिनाभर पोरं पॅरासेलिंगच्या, बनाना राइडच्या बोटींवर लाइफ जॅकेटं बांधायला जातात, स्नॉर्केलिंगला पर्यटकांचे हात धरतात, त्सुनामी आयलंडच्या फेऱ्यांवर दोरी टाकतात. दिवसाचा रोज आणि वर टिप. मग मेअखेरीला जलक्रीडा बंद होतात त्या थेट ऑगस्ट संपेपर्यंत, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद. होड्या वर ओढून झापांनी, ताडपत्र्यांनी शाकारल्या जातात. तुझ्या झिलाची शाळा सुरू होते खरी, पण ज्यांच्याबरोबर त्याने उन्हाळाभर काम केलं ती अठरा-वीसची पोरं पुरती मोकळी असतात. खिशात मे महिन्याचे पैसे, बाहेर पाऊस, आणि आडोशाला शाकारलेली होडी. मी जी पोरं घसरताना बघितली त्यांतली बरीच जुलैत घसरली. गणपतीला ती घरच्यांच्या लक्षात आली, तेव्हा उशीर झालेला होता.

तेव्हा पैसे आणि पावसाळा ह्या दोन्हींचा बंदोबस्त मे महिन्यातच कर. पैसे हिसकावून घेऊ नकोस, कष्टाचे आहेत, त्याचा अपमान होतो. त्याच्या नावाने पोस्टात नाहीतर बँकेत खातं असू दे, आणि कामाला जाण्याआधीच ठरवा की ह्या पैशातून काय घ्यायचं. सायकल, चांगले फिन्स आणि मास्क, गणपतीच्या भजनासाठी पखवाज. हातखर्चाला थोडे, बाकीचे ठरलेल्या गोष्टीला. नाव ठरलेला पैसा सहसा भलतीकडे जात नाही. मोबाइलवरून पैसे देत-घेत असेल तर महिन्याचा हिशेब दोघांनी मांडीला मांडी लावून बघा, त्याच्या पाठीमागे नव्हे.

पावसाळा मोठ्या माणसांसोबत भरायचा, हे माझं सगळ्यात आवडतं सांगणं आहे. पूर्वी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं, लागायची तेव्हा चौदा वर्षांचा पोर दोरीला हात लावायला जायचा आणि त्याच्या मागे-पुढे बापाच्या, आजाच्या वयाची कितीतरी माणसं असायची. त्याला त्यात वाटा मिळायचा आणि चुकला तर चार जण कान पिळायचे. आज बोटीवर तीन तरुण आणि सहा पर्यटक. कमाई जास्त, पण मुलावर नजर ठेवणारं मोठं माणूस एकही नाही. रापणीचे ते दिवस परत आणता येणार नाहीत. पण डबलबारीच्या भजनाची तालीम आहे, आरत्यांचा सराव आहे, कबड्डी आहे, नारळी पौर्णिमेची तयारी आहे, गणपतीची चित्रशाळा आहे. त्याला काय आवडतं ते तूच जाणतेस. अट एकच, तिथे निदान दोन मोठी माणसं असावीत ज्यांना तो मानतो.

हे मी कोकणच्या प्रेमाने बोलत नाही. आइसलँड नावाच्या देशात १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं आदल्या महिन्यात कधी ना कधी पिऊन झिंगलेली होती. २०१६ पर्यंत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी मुलांना भीती घातली नाही. खेळ, संगीत, नाच ह्यांच्या वर्गांना सरकारने पैसे दिले, रात्री उशिरा मुलांनी बाहेर राहायचं नाही हा नियम पाळला, आणि आईबापांनी आपापसांत करार केले की आपल्या कोणाच्याच घरी पोरांना दारू मिळणार नाही. हा शेवटचा भाग तू उद्याच करू शकतेस. तुझ्या झिलाचे जे पाच-सहा दोस्त आहेत, त्यांच्या आयांचे नंबर तुझ्याकडे आहेत का? नसतील तर घे. घरी चहाला बोलाव. रात्री किती वाजेपर्यंत बाहेर, हे सहाही घरांत एकच ठेवा. ‘त्याका सोडतत, माकाच कित्याक नाय’ ही तक्रार तिथेच मिटते.

दारूबद्दल बोलताना तुला राग येईल, तरी बोलते. तुझ्या खोल्यांत उतरलेले पाहुणे अंगणात माडाखाली बसतात. सोडा, बर्फ, तळलेल्या सुरमईची तुकडी कोण नेऊन देतं? तुझाच झील. कौतुकाने कोणी म्हणतो, ‘काय छोटू, घे एक घोट,’ आणि दोनशेची नोट हातात देतो. कौतुक, पैसा आणि घोट तिन्ही एकदम मिळतात, आणि देणारा मोठ्या गाडीतून आलेला साहेब असतो. सकाळी रिकाम्या बाटल्या गोळा करतो तोही तोच, तळाशी उरलेलं बघतो तोही तोच. हे आजपासून बंद. पिणाऱ्यांच्या मेजावर अठराच्या खालचं मूल जाणार नाही, मग मुलगी असो की मुलगा. पाहुणे खोली घेतात तेव्हाच नम्रपणे सांगायचं. अल्पवयीन मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा आणि एक लाखापर्यंत दंडाचा गुन्हा आहे. मुलाला मालाची ने-आण करायला लावणं हाही तसाच गुन्हा आहे. हे वाक्य ठळक लिहून दर्शनी भागात लाव. चांगले पाहुणे त्याने जात नाहीत.

तुझ्या नवऱ्यालाही हे वाचायला दे. त्याने प्यावी की नाही हे मी ठरवणार नाही. पण ‘आज दमलंय, आता एक पेग होयो’ हे मुलासमोर रोज बोललं गेलं की दमलं, दुखलं, चिडलं की बाटली, हे मूल शब्दांशिवाय शिकतं. शिमग्यात, लग्नाच्या आदल्या रात्री पोराला ‘आता मोठा झालास’ म्हणून माडीचा पेला पुढे करणारे काका-मामा असतात. त्यांना तिथल्या तिथे अडवायचं काम नवऱ्याचं. आईने अडवलं तर पोराची थट्टा होते, बापाने अडवलं तर होत नाही.

आपल्या घराण्यात दारू लागते, हे त्याला सरळ सांग. लपवण्यासारखं त्यात काही नाही. व्यसन जडण्याचा धोका काही अंशी रक्तातून येतो, हे शास्त्राने मान्य केलं आहे. दोस्ताला जे सहज सोडता येईल ते कदाचित आपल्याला येणार नाही, एवढंच सांगायचं. आणि जितक्या कोवळ्या वयात सुरुवात, तितकं व्यसन जडण्याची भीती जास्त. म्हणून ‘जन्मात कधी नाही’ अशी शपथ घ्यायला लावण्यापेक्षा ‘शाळा-कॉलेज होईपर्यंत नाही’ हे त्याला पेलवतं. एकेक वर्ष पुढे गेलं तरी ती कमाईच.

बोलताना खोटं मात्र घालू नकोस. एका झुरक्यात माणूस वेडा होतो असं तू सांगितलंस आणि त्याचा गांजा ओढणारा दोस्त दुसऱ्या दिवशी गणितात पहिला आला, की तुझं सगळंच खोटं ठरतं. मग एमडीबद्दल खरं सांगितलंस तरी तो ऐकणार नाही. नुसते धडे देऊनही भागत नाही: अमेरिकेत १९८३ पासून शाळाशाळांत पोलिसांनी येऊन मुलांना व्यसनाविरुद्ध धडे देण्याचा मोठा कार्यक्रम चालला. अभ्यासकांनी मोजून बघितलं तर मुलांच्या वागण्यात टिकणारा फरक जवळजवळ नव्हता. आता एमडीचं खरं. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते २०१५ मध्ये आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. ते परदेशातूनच येतं असंही नाही. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि २०२४ मध्ये दौंडजवळ कुरकुंभला त्याचे कारखाने पोलिसांना सापडले. रसायनं कसली, मापं कोणाची, त्या पुडीत नक्की काय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हे खरं आहे, आणि खरं तेवढं पुरेसं भीतिदायक आहे.

चाळिशीतल्या कॅन्सरचं चित्र दाखवून पंधरा वर्षांच्या मुलावर परिणाम होत नाही. त्याला आजचं, इथलं सांग. त्याला स्कूबा डायव्हर व्हायचंय ना? तारकर्लीच्या प्रशिक्षण संस्थेत जायचं स्वप्न आहे ना? मग सांग की ते काम छातीचं आहे, आणि डायव्हिंगआधी तब्येतीची तपासणी होते. त्यात फुप्फुसं बघतात, व्यसनाबद्दलही विचारतात. विडी असो, गांजा असो, धूर फुप्फुसातच जातो. एका दमात पाण्याखाली किती वेळ राहतो हे तो दोस्तांबरोबर मोजतच असतो. ते मोजणं चालू ठेवायला सांग.

ज्याकडे आपल्या लोकांचं लक्षच नाही ते म्हणजे हुंगण्याचे पदार्थ. पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, होडीच्या कॅनमधलं पेट्रोल. त्याला ना गोवा लागतो, ना पैसे. दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात मोठ्या माणसांपेक्षा मुलांत जास्त आढळलेला पदार्थ हा एकच: १० ते १७ वयात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. पहिल्याच खेपेला हृदयाची लय बिघडून मूल दगावू शकतं. पेट्रोलचे कॅन कुलपात ठेवा. रुमालाला, शर्टाच्या बाहीला सोल्युशनचा वास आला तर झोपू नकोस त्या रात्री.

मुलींना विसरू नकोस. तुझी धाकटी सातवीत आहे म्हणून निर्धास्त राहशील. मुलगी नाक्यावर उभी राहत नाही, त्यामुळे तिचं कोणाच्या लक्षात येत नाही. तिला बहुतेक वेळा ज्याच्यावर जीव जडलाय तोच देतो, आणि घरी कळलं तर शाळा बंद होईल ह्या धाकाने ती तोंड उघडत नाही. तिला आधीच सांगून ठेव की काहीही झालं तरी तुझी शाळा बंद होणार नाही.

आता गंभीर गोष्ट. काही मुलं गंमत म्हणून घेतात आणि सोडून देतात. काही मुलं आतलं काहीतरी गप्प करायला घेतात, आणि ती अडकतात. बाप बोटीवर महिनोन्‌महिने दूर, घरात रोज मारहाण, नववीत नापास, रंगावरून-जाडीवरून चिडवणं, कोणी केलेला स्पर्श जो सांगता येत नाही. अशा मुलाला पहिल्यांदा नशा लागते तेव्हा त्याला मजा नाही, सुटका वाटते. म्हणून झोप उडाली, खेळ सुटला, जुने दोस्त सुटले, आंघोळ टाळायला लागला, की ‘काय घेतलंस’ हा प्रश्न मागे ठेव. ‘काय दुखतंय’ हा आधी विचार. आणि उत्तर येईपर्यंत थांब, चार दिवस लागले तरी.

आणि सापडलाच तर? नशेत असताना बोलू नकोस, त्याच्या कानात काही शिरत नाही आणि तुझ्या तोंडून भलतं जातं. त्या वेळी फक्त त्याचा श्वास आणि शुद्ध बघ. उठवून उठला नाही, श्वास घरघरला, तर लगेच दवाखाना, आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगायचं. सकाळी बोल. मारू नकोस. शेजाऱ्यांसमोर दप्तर उलटं करू नकोस. देवळात गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाल, माझाही देवावर विश्वास आहे, पण त्याच आठवड्यात डॉक्टरही गाठ.

आपल्याकडची जुनी खोड म्हणजे पोरगा बिघडला की मुंबईला काकाकडे पाठवायचा. हे अजिबात करू नकोस. तिथे त्याला कोणी ओळखत नाही, काका कामाला जातो, आणि माल इथल्यापेक्षा लवकर मिळतो. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या चांगल्या घरांतली पोरं गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, आहारी गेली, त्यावर लेखक अनिल अवचटांनी लिहिलं, आणि १९८६ मध्ये त्यांनी आणि डॉ. अनिता अवचट ह्यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे घरच्या माणसांनाही उपचारात सामील करून घेतात, कारण मूल परत येतं ते घरातच.

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नकोस. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच कलम ६४अ आहे. थोड्या प्रमाणात बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा फुकट फोन १४४४६, मुलांसाठी १०९८, मनाच्या तक्रारींसाठी १४४१६. हे तिन्ही नंबर तुझ्या फोनमध्ये आत्ताच घालून ठेव, त्याच्याही फोनमध्ये.

सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. जायचं झालं तर सकाळी लवकर निघ, जुनी औषधं, कागद बरोबर घे. डॉक्टर बोलवतील तेव्हा आधी त्याला एकट्याला आत जाऊ दे. तू बाहेर बाकावर बस. बाहेर आला की काय बोललास ते विचारू नकोस, कुडाळच्या नाक्यावर उतरून त्याला गरम भजी खायला घाल. एका खेपेत सुटलं नाही, दोन महिन्यांनी पुन्हा घसरला, तर पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसायचं. मला फोन कर, मी येईन बरोबर.